ओरखडासुद्धा नाही

हितेशने भंगार बाजारातून ब्रेकचं एबीएस युनिट आणलं आणि बायकोच्या हातात जुना टूथब्रश दिला. "जरा घासून दे. घरीच बसवतो, शोरूमवाले लुटतात." गुडगावच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून श्रावस्ती घासायला लागली. ब्रशमध्ये राखाडी केस अडकले.

"शी! हे काय?"

"नीलगाय. एक्सप्रेसवेवर आडवी आली होती म्हणे. गाडीचा चुराडा झाला, पण ह्याला बघ, ओरखडासुद्धा नाही."

"आणि हा तपकिरी गंज?"

"ॲल्युमिनियम आहे ते, गंजत नाही," हितेशने शांतपणे समजावलं.

तिने ब्रश खाली ठेवला. "गाडी चालवणाऱ्याचं काय झालं?"

"यार, मी पार्ट घ्यायला गेलो होतो, सांत्वन करायला नाही."

दुपारपर्यंत त्याने पार्किंगमध्ये युनिट बसवलं. डॅशबोर्डवरचा एबीएस बिघाडाचा पिवळा दिवा विझला. त्याने खुशीत हॉर्न वाजवला. "चलो, चिऊला मागे बसव. एक्सप्रेसवेवर ट्रायल घेऊ."

श्रावस्तीने लेकीचा हात घट्ट धरला.

"हितेश, ती गाडी वेळेवर थांबली असती, तर हा पार्ट भंगारात आला असता का?"