रोमानियाची पोच

"पयले चीनचं टाक," पंचफुलाबाई म्हणाल्या.

नंदिनीने खोक्यातून चीनचं कार्ड काढून चुलीत टाकलं. अंगणातल्या त्या चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं होतं. मग जपान गेलं, तुर्कस्तान गेलं, व्हिएतनाम गेलं. जाड, गुळगुळीत कागद. पटकन पेट घेईना. पंचफुलाबाई फुंकणीने फुंकत होत्या आणि मधूनच सुनेच्या हाताकडे बघत होत्या, एखादं मागे राहतं की काय म्हणून.

तिचा नवरा रत्नदीप फाटकाशी उभा राहून रस्ता बघत होता. पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोच्या नोकरीत त्याचं नाव लागलं होतं. राहिली होती ती फक्त पोलिसांची चौकशी, आणि हवालदाराचा फोन आला होता, निघालो म्हणून.

"माहा दोस्त धीरज सांगून राह्यला होता," तो तिथूनच म्हणाला, "त्याईच्या गावचा एक पोरगा यातच अटकला. बाहेरदेशातून टपाल येते काय, हेच पयले विचारतात म्हणे."

"रेडिओचं टपाल आहे ते," नंदिनी म्हणाली. "अमुक दिवशी अमुक वेळी तुमचं स्टेशन इथे लागलं, हे हे ऐकलं, इतकं खरखरत होतं, असं मी लिहिते. ते ताडून बघतात. खरं निघालं तर कार्ड पाठवतात, की हो बाई, तुम्ही आम्हाला ऐकलंत. एवढंच."

"मले मालूम हाय. त्याले कोन समजावन? रेडिओचे सेल मीच आणून देतो ना तुले? नोकरी लागू दे, मग मागवजो पुन्हा. पोतंभर मागवजो."

"पुन्हा नाही येत. ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशीचं असतं ते."

तो पुन्हा रस्त्याकडे वळला.

शेवटी रोमानिया राहिलं. त्या स्टेशनला लिहिताना तिने खरं तेच लिहिलं होतं, की बातम्यांच्या मध्येच माझी मुलगी रडायला लागली, तेवढं ऐकायचं राहिलं. कार्डाच्या मागे तारीख होती, वेळ होती, तिचं नाव होतं, नाचणगाव होतं. आणि खाली कुणीतरी निळ्या शाईने हाताने लिहिलं होतं, बाळ आता रात्री झोपतं का?

मुलगी झाल्यापासून हे तिला दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

"ते काऊन धरून ठेवलं?"

"वाचते, आई."

"किती वेळा वाचशीन?" पंचफुलाबाईंचा आवाज खाली आला. "पोटापाण्याचं हाय बाई. मले का बरं वाटून राह्यलं?"

नंदिनीने ते आपल्या हाताने आत सारलं. तेवढ्यात फाटक वाजलं.

हवालदार खुर्चीवर बसला. मांडीवर कागद, हातात पेन. वयाने रत्नदीपपेक्षा बराच मोठा, बोलायला मऊ. नंदिनी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. गोड बोलणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघावं, असं तिचं मन तिला सांगत होतं.

"घरी कोन कोन?"

"आई, मी, बायको अन् पोरगी," रत्नदीप म्हणाला.

"बायको काय करते?"

"काई नाई. घरीच असते."

एम.एस्सी. झालेल्या नंदिनीने मुलीच्या तोंडातली ओढणी सोडवली.

"बाहेरदेशी कोनी नातेवाईक? चिठ्ठीपत्री?"

"नाई जी. आमचं पुलगाव सोडून कुठं काई नाई."

हवालदाराने लिहिलं. चहाचा घोट घेताना त्याची मान वर गेली. गच्चीवरून कडुनिंबापर्यंत तांब्याची बारीक तार गेली होती.

"कपडे वाळू घालाची हाय ते," पंचफुलाबाई न विचारताच म्हणाल्या.

"इतक्या वर? शिडी लावून लुगडं वाळवता काय, मावशी?" तो हसला. "रेडिओची हाय ते. आमच्या बाबानं अशीच बांधली होती, गावी, देवळीले. कोन ऐकते तुमच्याकडं?"

रत्नदीपने नंदिनीकडे पाहिलं. पंचफुलाबाईंनीही.

"मी," ती म्हणाली.

"वा. काय काय लागते?"

"जपान. रोमानिया."

"एवढं दूरचं लागते?" त्याचा चेहरा खरंच उजळला होता. तो अंगणातल्या धुराकडे बघत होता, की धुरापलीकडे, ते तिला कळेना. "लहानपणी म्या एका टेशनले पत्र टाकलं होतं. बाबा म्हणे, लिहिलं तर कार्ड येते. तुमी लिहिता काय? काई उत्तर-बित्तर आलं कधी?"

नंदिनीने त्याच्या हाताकडे पाहिलं. पेनाचं टोपण उघडंच होतं.

विचारायचं म्हणून विचारतोय, की लिहायचं म्हणून? हो म्हणावं तर रत्नदीप आत्ताच नाही म्हणून बसलेला. आणि दाखव म्हणाला तर दाखवायला काय होतं? कडेवरची मुलगी त्या टोपणासाठी हात पुढे करत होती. नंदिनीने तो हात धरून मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही आलं."

"मलेही नाई आलं." हवालदाराने टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि उठता उठता मुलीच्या गालाला बोट लावलं. "रेडिओचं असंच राह्यते, बाई. आपुन इकडं ऐकत बसाचं. आपलं तिकडं कोन ऐकते?"

रत्नदीप सगळ्यांत आधी हसला.