चेंबरमधला गाळ

वाळूचा जुना ट्रक संध्याकाळपर्यंत हिंजवडीच्या आयटी साइटवर हवा होता. कात्रजच्या गॅरेजात कचरू मिस्त्रीने नेमाप्रमाणे बॅटरी काढून बाहेर ठेवली, मगच ट्रकखाली शिरला.

"मेलेल्या इंजिनाला काय भिता, मिस्त्री?" मालक खेकसला.

"हात माझा जातो, शेठ. तुमची नुसती ट्रिप."

ऑइल चेंबर उतरवून तो डाव्या हाताने क्रँकच्या फिरत्या दांड्याभोवतीचा डांबरासारखा गाळ खरवडू लागला. छातीवर काहीतरी गरम पडलं. मुळापासून तुटलेलं बोट! त्यात त्याचीच तांब्याची अंगठी. बायकोने घातलेली, म्हणून त्याने कधीच न काढलेली.

कचरूने इंजिनातल्या हाताची बोटं हलवून पाहिली. पाचही शाबूत होती. अंगठीही होती.

छातीवरचं बोट त्याच वेळी हललं.

बॅटरी मालकाच्या पायाशीच पडलेली होती. वर क्रँक फिरू लागली.