जोडलेले : एक

"पाच मिनिटं बघतो काकू, मग बंद करतो," मेकॅनिक म्हणाला आणि बाईंच्या मुलीच्या खोलीतल्या टेबलाखाली वाकला.

तिथं एक काळा डबा घरघरत होता. मुलीनं तो स्वतः जोडला होता. घरचे फोटो, लहानपणी तिच्या आवाजात भरून ठेवलेल्या गोष्टी, सगळं त्यात होतं. पासवर्ड टाकला की जगात कुठूनही उघडायचं. सहा वर्षांपूर्वी भांडून जाताना ती म्हणाली होती, "फोन करणार नाही. आठवण आलीच तर इथून डोकावून जाईन."

तेव्हापासून फोन नव्हता.

इंटरनेटची लाईन मुलाच्या नावावर होती. तो दूर राहायचा. "आई, कुणी येतच नसेल तर तो डबा उगाच तापत कशाला ठेवायचा?" म्हणून त्यानंच मेकॅनिकला पाठवलं होतं.

"येतं की," बाई म्हणाल्या. "हे बघा ना."

त्यांनी टेबलावरच्या स्क्रीनवर पासवर्ड टाकून आलेख उघडून दाखवला. रोज सकाळी अकराला रेघ वर चढायची, वीस मिनिटांनी खाली यायची. वर आत्ताचा आकडा होता : जोडलेले, १.

"वेळेची पक्की आहे," मेकॅनिक म्हणाला.

"माझ्यावर गेलीय. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात काढली मी. कुणाचं लग्न ठरलं, कुणी गेलं, सगळं आधी माझ्या हातातल्या वायरीतून. शेवटी शेवटी मात्र फोनच येईनात. वर्दळ नाही तो बोर्ड बंद, असा हुकूम निघाला. मग काय, मी सहा नंबरच्या बोर्डावर, सात नंबरवर माझी मैत्रीण. ती मला लावायची, मी तिला. दोन वर्षं टिकवला बोर्ड."

"भारीच की काकू!" मेकॅनिक हसला. मग त्याचं बोट आलेखावर थांबलं. "मागच्या महिन्यात आठ दिवस सपाट?"

"मी दवाखान्यात होते. ती पण नाही आली. रक्ताचं नातं असतं बाबा."

त्याचं हसू मावळलं. त्यानं स्वतःचा छोटा स्क्रीन थेट डब्याला जोडला आणि बाईंचं पान बंद केलं. आकडा शून्य झाला. पान पुन्हा उघडलं. एक.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यानं मुलाला फोन लावला. "हो साहेब... नाही, बंद नका करू. येतं कुणीतरी. रोज."

डब्यावरची धूळ त्यानं न सांगता पुसली. निघताना, लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, "येतो काकू. जपा हं."

दार लावून बाई कॅलेंडरपाशी गेल्या. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन होतं. पुढे पाच दिवस स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यांनी फोन उचलला.

"सात नंबर? सहा बोलतेय."

"आहे गं जिवंत. बोल!"

"पासवर्ड लिहून घे. सोमवारपासून पाच दिवस माझ्याऐवजी तू लाव. अकराला, वीस मिनिटं. मागच्यासारखा खाडा नको पडायला. पोरगी कधी आलीच, तर लाईन चालू पाहिजे."