चुलीवरचं नाव

"किती फुटी करू?" सिदू वेल्डरनं टेप ताणत विचारलं. दुष्काळातल्या चारा छावणीच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये चुलीवर पत्र्याची चिमणी बसवायची होती.

"चुली बघ की," चतुराबाई भाकरी थापताथापता म्हणाली. "दोन हायेत, शेजारी शेजारी. त्यांच्यापेक्षा हातहातभर जास्तीची कर. धूर काय रांगंत चालतो का?"

तिच्यामागं विमलबाई पिठलं घाटत होती. खोकल्याची उबळ आली की ती पातेल्याकडं पाठ करायची, उबळ गेली की परत वळायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, धूर बंद करा नाहीतर काम बंद करा. काम बंद केलं तर जेवणही बंद होणार होतं. छावणीत जेवण मिळायचं ते जनावरं घेऊन आलेल्यांना आणि राबणाऱ्यांना. विमलबाईकडं जनावर नव्हतं. त्या दुष्काळात माणसानं नुसतं माणूस असून भागत नव्हतं.

"चुलीचं माप काहून घ्यायलास बे?" छावणी चालवणाऱ्या सोसायटीचे सचिव राधाकिशन आत येत म्हणाले. "नावाचं घे."

सोसायटीनं दिलेल्या प्रत्येक वस्तूवर चेअरमनचं नाव असायचं. पाण्याच्या टाकीवर होतं, गव्हाणीवर होतं. पिठल्याच्या पळीवरही होतं. पळीच्या दांड्यावर 'सहकाररत्न' मावेना म्हणून दांडाच लांब करून घेतला होता. तेव्हापासून घाटताना पळी भिंतीला आदळायची.

सिदूनं खडूनं जमिनीवर नाव लिहायला घेतलं. 'सहकाररत्न मा. उत्तरेश्वरदादा यांच्या सौजन्याने.' अक्षरं छावणीच्या फाटकातून दिसली पाहिजेत, अशी अट होती. नाव पिठाच्या पोत्यांपाशी सुरू झालं आणि चुली ओलांडून पलीकडच्या खांबाला जाऊन थडकलं.

"दोन ओळीत टाकू का?"

"नाव मोडतो का? निवडणूक तोंडावर आलीय."

"मग अक्षरं बारीक करू?"

राधाकिशननी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं चेअरमनलाच कानशीनं घासायची परवानगी मागितली होती.

चतुराबाईच्या जिभेवर लई काही आलं होतं. पण तिनं खडूची रेघ पाहिली. दोन्ही चुली नावाखाली आल्या होत्या, वर हातहातभर जागाही सुटली होती. तिनं शिवी गिळली. चेअरमनचं नाव हरिबा असतं तर विमल मेलीच असती.

चिमणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. दारातून शिरेना, म्हणून दार चौकटीसकट काढलं. लोकार्पणाच्या दिवशी मंडप पडला, माईक आला, चेअरमन उत्तरेश्वरदादा आले. चतुराबाईनं पऱ्हाट्या सारून चूल पेटवली. धूर सरळ वर गेला. थोडासा पुढच्या कडेला घासला, बाकीचा आज्ञाधारकपणे धुराड्यातून बाहेर पडला. विमलबाई पिठलं घाटत राहिली. तिला पाठ करावी लागली नाही.

दादांनी मात्र वर पाहिलं. सहकाररत्नातला 'स' काळा पडला होता.

"विझवा!" दादा ओरडले.

टँकरनं आणलेलं कळशीभर पाणी चुलीत ओतलं गेलं. रांगेतल्या बायका त्या पाण्याकडं बघत राहिल्या. मग चार कार्यकर्त्यांनी दोन्ही लोखंडी चुली ओढत पोत्यांमागच्या कोपऱ्यात नेल्या. तिथं वारा शिरत नव्हता.

"मग ही चिमणी कशासाठी हाय म्हणायची?" चतुराबाईनं विचारलं.

"लोकार्पणासाठी," राधाकिशन म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

भाषण सुरू झालं तेव्हा कोपऱ्यातल्या चुली परत पेटल्या होत्या. धूर शेडभर झाला, तिथून मंडपात आला. दादा जनावरांबद्दल बोलत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी गळत होतं. पहिल्या रांगेतले संचालक रडत होते, हारवाला रडत होता, फोटोग्राफर डोळे पुसून पुसून फोटो काढत होता. विमलबाई गव्हाणीपाशी गुडघ्यांवर हात टेकून खोकत होती. ती फोटोत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकिशन पेपरांचा गठ्ठाच घेऊन आले. एक पेपर त्यांनी चतुराबाईच्या हातात दिला. "आतल्या खांबाला लावा. सगळ्यांना दिसला पाहिजे."

पेपरात दादा रुमालानं डोळे टिपत होते. मागं चिमणीवरचं नाव लखलखत होतं. 'स'सुद्धा फोटोआधी पुसून घेतला होता. वर मथळा होता : 'मुक्या जनावरांच्या व्यथेने चेअरमनना अश्रू अनावर.'

राधाकिशन बाकीचे पेपर वाटायला रांगेकडं गेले. कोपऱ्यात विमलबाईनं चूल फुंकली आणि ती खोकायला लागली. या वेळी उबळ थांबेना. तिनं पळी खाली ठेवली, निघायला आपली पिशवी उचलली.

"ठेव ती पिशवी," चतुराबाई म्हणाली. "अन् धर तिकडनं."

दोघींनी चूल ओढली. मातीवर चर पाडत पोत्यांमागून काढली आणि नावाच्या बरोबर मधोमध आणून ठेवली. चतुराबाईनं पेपरची सुरळी केली, पऱ्हाट्यांखाली सारली आणि काडी लावली. आधी मथळा पेटला, मग रुमाल, मग दादा.

धूर वर गेला. 'मा.' काळा पडला. मग 'उत्तरेश्वर' डावीकडून काळं पडायला लागलं.

राधाकिशन उरलेले पेपर छातीशी धरून पळत आले. "चतुराबाई! अहो, दादांचं नाव काळं व्हायलंय!"

चतुराबाईनं वर पाहिलंच नाही. ती विमलबाईकडं बघत होती. विमलबाई पातेल्यावर वाकली होती आणि लांब दांड्याची पळी भिंतीला न लागता फिरत होती.

"होऊ द्या," चतुराबाई म्हणाली. "विमल खोकली का, तेवढं सांगा."