ठाणं वर

ठाण्याच्या फायली आणि डोंबिवलीच्या फायली आता एकाच फोल्डरमध्ये दिसणार होत्या. आसावरीने सकाळी दोन्ही एकावर एक चढवल्या, तेव्हा प्रश्न एकच उरला होता. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली तर दाखवायची कोणाची?

"घरी कोणाचं चालतं?" मुकुल सरांनी विचारलं. तिचा नवरा शौनक कंपनीच्या डोंबिवलीतल्या रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आणि ती इथे ठाण्याला, नौपाड्यातल्या हेड ऑफिसात, त्यामुळे ही थट्टा नेहमीचीच.

"माझंच!" ती हसली.

"मग झालं तर. ठाणं वर."

साड्यांच्या चळतीत वरची तेवढी दिसते आणि खालची दबून राहते, तसं झालं. साधी एररसुद्धा आली नाही.

दुपारी सहज चाळताना रिअ‍ॅक्टरच्या तापमानाची मर्यादा तिच्या नजरेस पडली. एकशे ऐंशी अंश. हा जुना आकडा होता. गेल्या वर्षी रिअ‍ॅक्टरचं झाकण उडालं, तेव्हा शौनकनेच भांडून तो एकशे चाळीसवर आणला होता. पण तो डोंबिवलीच्या फायलीत. ठाण्याची फाइल बदलायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिने घाईघाईने ठाण्याची फाइल उडवली. खालून एकशे चाळीस वर आलं.

"बघ, मिटलं," मुकुल सर म्हणाले. पण लगेच त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. कारखान्यातलं यंत्र याच फोल्डरमधून आकडा वाचतं, पण एकदाच, बॅच लावताना. आणि बॅच सकाळीच लागली होती.

तिने फोन लावला.

"शौनक, रिअ‍ॅक्टर कितीवर आहे?"

"एकशे पासष्ट. का गं?"

"बंद कर! मर्यादा एकशे चाळीसच आहे!"

पलीकडे खटके पडल्याचे आवाज आले. "बॅच लावताना एकशे ऐंशी दिसलं, तेव्हा खटकलेलं मला," तो म्हणाला. "फोन करणार होतो. मग म्हटलं, आज तूच चढवतेयस फायली. तू कशाला चुकशील?"

"तू आधी बाहेर पळ!"

"आमचा हेल्पर मितेश खाली रिअ‍ॅक्टरपाशीच आहे गं. थांब, त्याला घेऊन येतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग जिन्यावरून धावणारे बूट. मग भोंगा.

तिच्यासमोर स्क्रीनवर एकशे चाळीस होतं. अगदी बरोबर.