वाघाचा आवाज

गेल्या वर्षीच्या अपघातानंतर दुरुस्त होऊन आल्यापासून त्याच्या लाडक्या स्पोर्ट्स कारने मानच टाकली होती. आवाज वाघाचा आणि पळणं गोगलगायीचं. परवा तर चढावर शाळेच्या बसने त्याला मागे टाकलं, वर मागच्या खिडकीतल्या पोरांनी टाटाही केला.

इंजिन रिमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घ्यावी की नाही, यावर त्याने सहा महिने स्वतःचं आणि घरादाराचं डोकं पिकवलं. मेव्हणा म्हणाला, गिअरबॉक्स बसेल. विमा एजंट म्हणाला, मग क्लेम विसरा. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "वय झालं असेल हो गाडीचं. आपलं नाही का होत?"

या शेवटच्या वाक्याने मात्र त्याचं टाळकं सटकलं. शनिवारी सकाळी तो तडक रिमॅपवाल्याच्या गॅरेजवर जाऊन धडकला आणि म्हणाला, "काय व्हायचं ते होऊ दे, गाडी पळाली पाहिजे." रिमॅपवाल्याने गाडीला लॅपटॉप जोडला, स्क्रीनकडे पाहिलं, मग नंबरप्लेटकडे पाहिलं आणि नुसता कान खाजवत बसला.



"साहेब, हिचं रिमॅप मीच केलंय," तो अखेर म्हणाला. "तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा मॅडम गाडी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, ताकद अर्धी करून टाका, पण आवाज तेवढा राहू द्या, ह्यांना तो फार आवडतो."