धुळ्याच्या पिठाचा डबा

घरात मोठा डबा काठोकाठ भरलेला असताना सून स्वतःपुरतं पीठ वेगळं ठेवते, याला काय म्हणावं? पुष्पाबाईंनी त्याला नाव देऊन ठेवलं होतं: एका तव्यावर दोन घरं.

पुनम तशी कामाला वाघ. सगळ्यांच्या भाकरी तीच थापायची, घरच्या कळण्याच्या. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, पुष्पाबाईंच्या सासूपासून चालत आलेलं माप. पण शेवटची एक भाकरी, तिची स्वतःची, धुळ्याच्या पिठाची असायची. तिची आई एसटीच्या कंडक्टरकडे देऊन ते पीठ पाठवायची. बाजरी, उडीद आणि वरून थोडी मेथी. पत्र्याचा लहानसा डबा, झाकणाला फडकं बांधलेलं. लग्नाला वर्ष होत आलं, तरी तो डबा मोठ्या डब्याशेजारी पाहुण्यासारखा अंग चोरून उभा होता.

"आमचं पीठ हिच्या घशाखाली उतरत नाही," असं पुष्पाबाई अख्ख्या मेहरूण वस्तीला सांगून आल्या होत्या. आज सकाळी त्यांनी मुलालाही सुनावलं. "समाधान, संध्याकाळी लवकर ये. वरच्या खोल्यांची किल्ली देऊन टाकते. चूल वेगळी करा. डबाही सुखी, मीही सुखी."

समाधान चहा अर्धा टाकून निघून गेला. पुनमनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुपारी पुष्पाबाई खिडकीखाली गार फरशीवर आडव्या झाल्या. मेहरूणच्या तलावावरून वारा येत होता. डोळा लागत होता आणि लागत नव्हता. बाहेर ओट्यावर शेजारची आयुषी आली होती. तिच्या आजोबांचं, सुरेशचंद शेठचं, चहापत्तीचं दुकान. पोर पुनमकडे इंग्रजी शिकायला यायची.

"भाभी, आमच्या पुड्यावर ब्लेंड छापतात. मिक्स का नाही छापत? एकच तर आहे ना?"

"एक कसं? चिवड्यात शेंगदाणे असतात, ते मिक्स. नको असले तर वेचून काढ. ब्लेंड झालं की वेचता येत नाही. आमचा कळणाच बघ ना. त्यातली ज्वारी कोणती, उडीद कोणते, दाखव बरं."

शब्द वाऱ्याबरोबर आत येत होते, कधी जवळून, कधी पार पाण्यापलीकडून. पुष्पाबाईंना मुडावदचा संगम दिसायला लागला. लहानपणी मामाच्या बैलगाडीतून तिथल्या जत्रेला गेल्या होत्या. तापी आणि पांझरा. दोघींचं पाणी आधी शेजारून चाललं होतं, दोन रंगांचं, जशी काही एकमेकींची ओळखच नाही. जरा खाली जाऊन परकरातल्या पुष्पीनं ओंजळ भरली. ओंजळीत तापी किती नि पांझरा किती, तिला काही सांगता येईना. ती नुसती बघत राहिली. पाणी बोटांतून गळत राहिलं.

"मग भीती नाही वाटत ब्लेंड करायला?" आयुषी विचारत होती. "बिघडलं तर?"

"वाटते ना." पुनमचा आवाज खाली गेला. "म्हणून तर माझा डबा मी अजून ओतला नाही. रोज झाकण उघडते आणि परत लावते. मेथीची कडू चव सासूबाईंना नाही आवडली, तर त्यांच्या सासूपासूनचं पीठ माझ्यापायी नासायचं. परत काढू कसं? आता तर काय, डबा घेऊन वरच जायचंय."

आत पुष्पाबाई उठून बसल्या. मग झोपेत चालावं तशा स्वयंपाकघरात गेल्या.

आयुषीसाठी चहा टाकायला पुनम आत आली आणि दारातच थबकली. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात पीठ तरंगत होतं, धुक्यासारखं. फडकं सुटून जमिनीवर पडलेलं. धुळ्याचा डबा पालथा. मोठ्या डब्यात सासूबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत बुडालेले, खालचं पीठ वर आणि वरचं खाली करत होते.

"आई, हे काय केलंत?"

पुष्पाबाईंनी हात बाहेर काढले. बोटाला लागलेलं पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, तोंड जरासं कडू केलं आणि गिळलं. एरवी त्या शहरातल्यासारखं बोलत, पण पोटातलं ओठावर आलं की बाईंची बोली थेट अहिराणी व्हायची.

"आते बठ्ठं एक शे," सगळ्या पिठावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "तुन्हं तेवढं पीठ निवडी ले. जमनं, ते जाय वरल्या खोलीमा."